मागच्या वर्षीचा रकाना: ख्रिसमसच्या जाहिराती दरवर्षी आधी का येतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत ख्रिसमसच्या जाहिराती दरवर्षी आदल्या वर्षापेक्षा लवकर सुरू होतात असं वाटतं. ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनचे भोपळे अजून दारात असतात आणि टीव्हीवर बर्फ पडायला लागतो. हे खरं की भास? खरं असेल तर कंपन्यांना त्यातून काय मिळतं? आणि लोक एवढे वैतागतात, तरी हे थांबत का नाही?

मी वीसेक वर्षं मीडिया प्लॅनिंग केलं, त्यातली बहुतेक अमेरिकेतल्या रिटेल क्लायंटसाठी. जाहिरात सुचणं, लिहिणं, शूट करणं ही वेगळ्या लोकांची कामं. ती कुठल्या आठवड्यात, कुठल्या माध्यमात आणि किती पैशांची लावायची हे आमचं काम. म्हणजे तुम्ही ज्याच्या नावाने बोटं मोडता तो माणूस मीच.

तर, अर्धं खरं आहे. पहिली जाहिरात अलीकडे आलीय यात शंका नाही. पण ती दरवर्षी चार-चार दिवस सरकत आलेली नाही. बरीच वर्षं ती एका जागी थांबते. मग काहीतरी घडतं, म्हणजे लढाई, महामारी, नाहीतर कॅलेंडरचा वाईट योग, आणि ती एकदम दोन-तीन आठवडे अलीकडे उडी मारते. पुढे ते कारण संपतं, जाहिरात मात्र परत जात नाही. ती परत का जात नाही, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर हाव, लबाडी वगैरेंपेक्षा बरंच रुक्ष आहे.

पण आधी एक घोळ मिटवतो. लोक तक्रार करतात तेव्हा बरेचदा त्यांनी जाहिरात पाहिलेलीच नसते, माल पाहिलेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात कॉस्टकोमध्ये ख्रिसमसची झाडं उभी दिसली की लोक फोटो काढून एकमेकांना पाठवतात. पण कॉस्टकोसारख्या ठिकाणी दुकान हेच गोदाम. पॅलेटवर आलेला माल पॅलेटसकट फ्लोअरवर जातो. कंटेनर रिकामा झाला की माल दिसणारच, लपवायला जागाच नाही. हस्तकलेच्या सामानाची मायकल्स, हॉबी लॉबी यांसारखी दुकानं तर भर उन्हाळ्यात ख्रिसमस मांडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्याला स्वतः विणून स्वेटर द्यायचाय त्याला नोव्हेंबरच्या शेवटी लोकर दाखवून काय उपयोग?

माल एवढ्या लवकर येतो कारण खेळणी, दिवे, सजावट यांतला फार मोठा हिस्सा चीनमधून समुद्रमार्गे येतो. ऑर्डर वर्षाच्या सुरुवातीला जाते, माल उन्हाळ्यात तयार होतो. शांघायहून लॉस एंजेलिसला यायला जहाजाला दोन-तीन आठवडे, पुढे बंदर, रेल्वे, ट्रक, वितरण केंद्र. एवढ्या साखळीत कुठेही दहा दिवस जाऊ शकतात, म्हणून खरेदी विभाग हाताशी दिवस राखून ठेवतो. २०२१ च्या अखेरीस लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या बंदरांबाहेर शंभराहून जास्त जहाजं खोळंबली होती. दुधाने तोंड पोळलेल्या खरेदी विभागांनी पुढच्या वर्षी ताकही फुंकून प्यायलं: माल आणखी आधी आणि भरपूर मागवला. २०२२ च्या उन्हाळ्यात मोठमोठ्या साखळ्यांची गोदामं तुडुंब भरली. भरलेल्या गोदामाचं भाडं चालू, त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज चालू. अशा वेळी मार्केटिंगला पहिला फोन येतो तो ‘सेल कधी लावताय?’ असा.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिली जाहिरात वेगळी आणि जाहिरातींचा जोर वेगळा. आमच्या प्लॅनमध्ये सप्टेंबर ही बारीक रेघ असते, ऑक्टोबर थोडी जाड, आणि थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या) आधीच्या दोन आठवड्यांपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत नुसता डोंगर. पैशाचा मोठा भाग अजूनही त्या डोंगरावरच जातो. पण माणसाच्या लक्षात राहते ती रेघ, कारण ती अवेळी दिसते. डिसेंबरात दिवसाला चाळीस जाहिराती बघून कुणी कुणाला फोन करत नाही. सप्टेंबरात एक दिसली की आठवडाभर विषय पुरतो.

अवेळी जाहिरातीचं गाजलेलं उदाहरण केमार्ट या दुकानांच्या साखळीचं. २०१३ च्या सप्टेंबरात, ख्रिसमसला शंभराहून जास्त दिवस असताना, त्यांनी टीव्हीवर ख्रिसमसची जाहिरात लावली. लोकांनी झोडपलं. पुढच्या वर्षी केमार्टने सप्टेंबरातच दुसरी जाहिरात आणली आणि त्या जाहिरातीतच सांगितलं की ही ख्रिसमसची जाहिरात नाही! आमच्या ऑफिसात त्यावर बरंच हसून झालं. पण मी त्या जाहिरातीची बाजू घेईन, कारण ती लेअवेची होती आणि लेअवे कुणासाठी असतो हे तिच्यावर हसणाऱ्यांतल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं.

लेअवे म्हणजे वस्तू आज दुकानात बाजूला काढून ठेवायची, पैसे हप्त्याहप्त्याने भरायचे आणि शेवटचा हप्ता गेला की वस्तू घरी न्यायची. व्याज नाही, असलीच तर थोडीशी फी. ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड नाही किंवा आहे ते गळ्यापर्यंत भरलंय, त्यांची ही सोय. अमेरिकेत बऱ्याच जणांचा पगार दर दोन आठवड्यांनी होतो. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्यांच्या हातात सहा-सात पगार येतात. थँक्सगिव्हिंगनंतर मोजायला लागलात तर जेमतेम दोन. मुलाची सायकल दोन पगारांतून निघते की सात पगारांतून, यावर त्या घरातला डिसेंबर ठरतो. या माणसाला थँक्सगिव्हिंगनंतर जाहिरात दाखवणं म्हणजे वरातीमागून घोडं.

ही गरज काही आजची नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल ट्रस्ट कंपनी या बँकेने १९०९ मध्ये ‘ख्रिसमस क्लब’ नावाचं खातं काढलं: दर आठवड्याला थोडे पैसे टाकायचे आणि डिसेंबरच्या तोंडावर सगळे एकदम काढायचे. लोकांनी ती कल्पना उचलून धरली, देशभरच्या बँकांनी ती उचलली. लेअवे तिचाच भाऊ. वॉलमार्टने २०११ मध्ये सुट्ट्यांसाठी लेअवे परत आणला आणि २०२१ मध्ये बंद करून त्या जागी ‘आधी न्या, पैसे नंतर’ पद्धतीचं कर्ज आणलं. आता वस्तू आज घरी जाते आणि हप्ते पुढच्या वर्षात. सप्टेंबरच्या जाहिरातीमागचं सगळ्यात सभ्य कारण तिथे संपलं.

कारण संपलं, जाहिरात उरली. याची जुनी उदाहरणं अशी.

‘खरेदी लवकर करा’ ही घोषणा मुळात दुकानदारांची नाहीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती दिली फ्लॉरेन्स केली यांच्या नॅशनल कन्झ्युमर्स लीगसारख्या संघटनांनी, आणि तीही कामगारांच्या बाजूने. ख्रिसमसच्या आधीचे दोन आठवडे दुकानांत काम करणाऱ्या मुली आणि सामान पोचवणारी लहान पोरं रात्री उशिरापर्यंत राबत. खरेदी आधीच उरकलीत तर त्यांचे हाल कमी होतील, एवढंच म्हणणं होतं. व्यापाऱ्यांनी घोषणा उचलली, कामगार त्यातून गळले. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, मनुष्यबळ आणि वाहतुकीवर ताण येऊ नये म्हणून सरकारी परिषदेनेच खरेदी ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर अशी पसरवायला सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात परदेशी तैनात सैनिकांना ख्रिसमसचं पार्सल पाठवायची मुदत १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी असे. मग दुकानाने ऑगस्टमध्ये जाहिरात करायची नाही तर कधी?

आणि १९३९. हा किस्सा आमच्या धंद्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत असे. अब्राहम लिंकन यांच्या १८६३ च्या घोषणेपासून थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी पाळत आले होते. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, म्हणजे थँक्सगिव्हिंग ३० तारखेला. तोपर्यंत ख्रिसमसच्या जाहिराती करायच्या नाहीत असा व्यापाऱ्यांचा अलिखित संकेत. मंदी पुरती सरलेली नव्हती आणि विक्रीला चार आठवडेही उरत नव्हते. फ्रेड लाझारस ज्युनियर यांच्यासारख्या डिपार्टमेंट स्टोअरवाल्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे धरणं धरलं आणि रूझवेल्टनी सण एक आठवडा अलीकडे, २३ नोव्हेंबरला आणला. घोषणा केली ऑगस्टमध्ये. कॅलेंडरं छापून झाली होती, कॉलेजांचे फुटबॉलचे सामने ठरले होते. देश दुभंगला: जवळपास निम्म्या राज्यांनी २३ पाळली, निम्म्यांनी ३०, आणि टेक्साससारख्या काहींनी दोन्ही. अटलांटिक सिटीच्या महापौरांनी या सणाचं ‘फ्रँक्सगिव्हिंग’ असं बारसं केलं. शेवटी १९४१ च्या डिसेंबरात कायदा झाला आणि चौथा गुरुवार कायमचा ठरला.

आमच्या कामाचा भाग यापुढचा. दोन वर्षांनी सरकारने हिशेब मांडला तेव्हा एकूण विक्रीत लक्षात यावी अशी वाढ दिसेना. ज्या राज्यांनी सण आधी केला तिथे खरेदी पसरली, बाकीच्यांत ती शेवटी गर्दीने झाली. बेरीज साधारण तीच. लोकांच्या भेटवस्तूंच्या यादीत जेवढी नावं असतात तेवढीच असतात आणि खिसाही तेवढाच. हे १९४१ मध्येच कळलं होतं. तरीही सगळे आधी धावतात, कारण एकूण खिसा वाढत नसला तरी पहिला हात कुणाचा पडतो याला अर्थ असतो. ऑक्टोबरात तुमच्याकडून घेतलेली सायकल डिसेंबरात माझ्याकडून कुणी घेणार नाही.

आता तो रुक्ष भाग.

अमेरिकेतली मोठी दुकानं वर्ष जानेवारी-डिसेंबर असं मोजत नाहीत. त्यांचं व्यापारी वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि आठवड्यांत मोजलं जातं. चार आठवड्यांचा महिना, पाचाचा, पुन्हा चाराचा, अशी रचना. २०२५ च्या वर्षात ५ ऑक्टोबरला सुरू होणारा आठवडा छत्तिसावा, थँक्सगिव्हिंगचा त्रेचाळिसावा. प्रत्येक आठवड्याला तक्त्यात एक ओळ. ओळीत पहिला रकाना ‘एलवाय’, म्हणजे लास्ट इयर, मागच्या वर्षी याच आठवड्यात किती विकलं. दुसरा रकाना यंदाचं उद्दिष्ट. ते कधीही पहिल्यापेक्षा कमी नसतं. तिसरा रकाना माझा: जाहिरातीचा खर्च.

एका खेळण्यांच्या आणि घरसामानाच्या साखळीसाठी मी हे काम करत होतो. सुट्ट्यांच्या हंगामाची पहिली बैठक मार्चमध्ये असे. बाहेर लोक ईस्टरच्या तयारीत आणि आम्ही आत ख्रिसमसच्या. एका वर्षी मी धीर करून सांगितलं की छत्तिसाव्या आठवड्यातला तीन दिवसांचा सेल काढून टाकू. माझ्याकडे आकडे होते. त्या सेलमध्ये घेणारी बरीच मंडळी आमची नेहमीचीच गिऱ्हाइकं होती, जी आदल्या वर्षांत नोव्हेंबरात येऊन तीच वस्तू कमी सवलतीत घेत होती. म्हणजे आम्ही स्वतःच्याच एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकत होतो आणि वर सवलतीचा भुर्दंड सोसत होतो.

माल विभागाच्या प्रमुख बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग पडद्यावरच्या छत्तिसाव्या ओळीतल्या पहिल्या रकान्यावर लेझरचा लाल ठिपका आणून ठेवला. ‘हा खड्डा कोण भरणार?’

मी म्हटलं, बेचाळिसाव्या आणि त्रेचाळिसाव्या आठवड्यात भरून निघेल.

‘ते नोव्हेंबरात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी मला फोन येईल, तेव्हा मी काय सांगू?’

त्या चूक नव्हत्या. दर सोमवारी आदल्या आठवड्याची विक्री मागच्या वर्षीशी ताडून वर जाते. छत्तिसावा आठवडा लाल दिसला की तो एका ठरावीक माणसाच्या नावावर लाल दिसतो. सहा आठवड्यांनी बेचाळिसावा हिरवा झाला तर त्याचं श्रेय घ्यायला दहा जण असतात. सेल राहिला. राहिला तो राहिलाच, वर स्पर्धकाचा दोन दिवस आधी असल्याची कुणकुण लागली म्हणून आमचाही दोन दिवस आधी गेला. पुढच्या मार्चमध्ये तेच दोन दिवस एलवायच्या रकान्यात बसलेले होते.

एकदा अडचणीपोटी केलेली गोष्ट पुढच्या वर्षी ‘मागच्या वर्षीचा आकडा’ होते आणि तो आकडा सोडायला कुणी सही करत नाही. कॅलेंडरचा खेळही असाच. थँक्सगिव्हिंग २२ ते २८ नोव्हेंबरच्या मध्ये कुठेही पडतो. २०१३, २०१९, २०२४ मध्ये तो २८ ला होता, म्हणजे २०१८ च्या तुलनेत सहा दिवस कमी. अशा आखूड वर्षी सगळेच भरपाई म्हणून आधी सुरू करतात. नंतर लांब वर्ष येतं, पण आधीची सुरुवात रकान्यात तशीच. २०२० मध्ये महामारीमुळे ॲमेझॉनचा जुलैचा ‘प्राइम डे’ सेल १३-१४ ऑक्टोबरला गेला आणि त्याच दिवसांच्या आसपास टार्गेट, वॉलमार्ट यांनीही सेल लावले. २०२१ मध्ये प्राइम डे पुन्हा उन्हाळ्यात गेला. पण २०२२ पासून ॲमेझॉनने ऑक्टोबरात आणखी एक सेल सुरू केला, उन्हाळ्यातला वेगळा ठेवून. एकाचे दोन झाले.

ऑनलाइन जाहिरातींनी यात स्वतःची भर घातली. फेसबुक, इन्स्टाग्राम, गूगलवरची जागा लिलावात विकत घ्यावी लागते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळे एकाच वेळी बोली लावतात आणि हजार लोकांना जाहिरात दाखवायचा भाव चढतो. म्हणून शहाणा प्लॅनर काय करतो, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात भाव उतरलेला असताना लोक ‘जमवून’ ठेवतो. त्या जाहिरातीतून विक्री व्हावी अशी अपेक्षाच नसते. तुम्ही साइटवर यावं, एखादी वस्तू उघडून बघावी, दहा टक्के सवलतीच्या आमिषाने ईमेल द्यावा, बस. नोव्हेंबरात महागडी बोली फक्त तुमच्यासारख्या ओळखीच्या झालेल्यांवर लावायची. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर माग काढण्यासाठी परवानगी विचारणं सक्तीचं केलं. बहुतेकांनी ‘नको’ दाबलं आणि ईमेलची किंमत आणखी वाढली.

शिवाय यंत्राला शिकायला वेळ लागतो. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मूळ कंपनीच्या) जाहिरात यंत्रणेत जाहिरातींच्या एखाद्या संचाला आठवड्याला साधारण ५० खरेद्या मिळाल्या की ती ‘शिकण्याच्या टप्प्या’तून बाहेर येते, तोवर खर्च वेडावाकडा होतो. हे शिकणं ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या सेलला, करायचं नसतं. आणि बहुतेक मोठ्या साइट नोव्हेंबरच्या सुरुवातीला ‘कोड फ्रीझ’ करतात, म्हणजे हंगाम संपेपर्यंत साइटवर कसलाही बदल नाही. मोजणीत काही बिघाड असेल तर तो ऑक्टोबरातच सापडायला हवा. एका वर्षी आमची प्रत्येक खरेदी दोनदा मोजली जात होती. ते ऑक्टोबरच्या एका फुसक्या सेलमध्ये लक्षात आलं म्हणून वाचलो. त्या सेलबद्दल ‘आत्तापासून कशाला?’ म्हणणाऱ्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली होती.

सम वर्षी निवडणुका असतात, त्यांचाही धक्का बसतो. मतदानाआधीच्या ६० दिवसांत टीव्ही आणि रेडिओ केंद्रांना उमेदवारांना सगळ्यात कमी दराने जागा द्यावी लागते. अटीतटीच्या राज्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरात स्थानिक चॅनेलवर दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही, आम्ही घेतलेले स्पॉटही काढून टाकले जातात. मग तिथला पैसा ऑनलाइन जातो, आणि तोही लगेच खर्चायचा असल्याने आधीच.

बरं, हे असंच जून-जुलैपर्यंत जाईल का? नाही. वाटेत दोन भिंती आहेत: शाळा सुरू होण्याचा हंगाम आणि हॅलोविन. दुकानात हंगामी मालाची रांग एकच असते. वह्या-दप्तरं गेल्याशिवाय तिथे भोपळे येत नाहीत आणि भोपळे गेल्याशिवाय सांताक्लॉजला पूर्ण रांग मिळत नाही. पण या भिंतीही पायाखाली चाकं लावून उभ्या आहेत. हॅलोविनचे सांगाडे आता उन्हाळ्यातच विकायला येतात. स्टारबक्सची भोपळ्याच्या मसाल्याची कॉफी २०२४ मध्ये २२ ऑगस्टलाच आली. मला यात फारसं नवल वाटत नाही. प्रत्येक हंगामाला स्वतःचा एलवाय असतो.

एक मजेशीर विसंगती सांगतो. नॅशनल रिटेल फेडरेशन ही दुकानदारांची संघटना ‘हॉलिडे सीझन’ची अधिकृत विक्री मोजते ती १ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर. २०२४ चा आकडा होता ९९४.१ अब्ज डॉलर. त्याच संस्थेच्या पाहण्या सांगतात की दहातले चारेक ग्राहक नोव्हेंबर उजाडायच्या आधीच खरेदी सुरू करतात. म्हणजे आम्ही धडपडून ऑक्टोबरात ओढलेली विक्री हंगामाच्या आकड्यात धरलीच जात नाही. पेपरात बातमी येते ‘हंगाम थंड’ आणि क्लायंट घाबरून विचारतो, पुढच्या वर्षी आणखी आधी करायचं का?

आता तुमच्या कामाचं. ऑक्टोबरच्या सेलमध्ये खरी सवलत असते ती गोदामात जास्त साचलेल्या मालावर, तुम्हाला हव्या असलेल्या वस्तूवर असेलच असं नाही. ‘आधीची किंमत’ म्हणून खोडलेला आकडा खरोखर लावलेला असला पाहिजे असं फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचं मार्गदर्शन आहे. पाळतातच असं नाही, तेव्हा वस्तूचा भाव आधीपासून बघून ठेवा. मुलांनी हट्ट धरलेलं त्या वर्षीचं गाजणारं खेळणं मात्र दिसेल तेव्हा घ्या, ते डिसेंबरात संपतं आणि पुन्हा येईपर्यंत मूल दुसऱ्याच गोष्टीवर गेलेलं असतं. टीव्हीसाठी ब्लॅक फ्रायडेच्या आठवड्यापर्यंत थांबा. सजावट २६ डिसेंबरला. बऱ्याच साखळ्या ऑक्टोबरपासूनच भावाची हमी देतात: नंतर भाव उतरला तर फरक परत. परतीची मुदतही जानेवारीपर्यंत वाढवलेली असते. या दोन्ही असतील तर लवकर घेण्यात धोका नाही, फक्त पावती जपा. आणि ऑनलाइन घेणार असाल तर शेवटच्या दिवसावर ठेवू नका. २०१३ मध्ये वादळं आणि अखेरच्या गर्दीमुळे यूपीएस आणि फेडेक्सची किती तरी पार्सलं ख्रिसमस उलटून गेल्यावर पोचली होती.

राहिला बहिष्काराचा मुद्दा. ‘सप्टेंबरात जाहिरात करणाऱ्याकडून घेणारच नाही’ असं ठरवणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा राग खरा असतो, पण तो आमच्या पडद्यावर दिसत नाही. पडद्यावर क्लिक दिसतात, आणि रागावलेला माणूसही क्लिक करतो. नॉर्डस्ट्रॉमसारखी दुकानं वर्षानुवर्षं थँक्सगिव्हिंग होईपर्यंत ख्रिसमसची सजावट करत नसत आणि तसं दारावर लिहीत. लोक कौतुक करत. पण नॉर्डस्ट्रॉमचं गिऱ्हाईक सायकलसाठी सात पगार मोजणारं नसतं, त्यांना थांबणं परवडतं.

एक पाऊल मागे आलेलं मी माझ्या कारकिर्दीत एकदाच पाहिलं. २०११ मध्ये मोठ्या साखळ्या ब्लॅक फ्रायडेला मध्यरात्री उघडल्या. २०१२ मध्ये वॉलमार्ट थँक्सगिव्हिंगच्याच रात्री आठला. २०१४ पर्यंत मेसीज संध्याकाळी सहाला, म्हणजे लोक अजून जेवणाच्या टेबलावर असतानाच. कर्मचारी ओरडत होते, अर्ज-विनंत्या होत होत्या, आणि एकट्याने बंद ठेवायची कुणाचीच तयारी नव्हती, कारण त्या रात्रीचा रकाना रिकामा दिसला असता. २०२० मध्ये महामारीमुळे जवळपास सगळ्यांनी एकाच वर्षी बंद ठेवलं. पुढच्या वर्षी त्या रात्रीच्या एलवायमध्ये सगळ्यांकडेच शून्य होतं. टार्गेटने २०२१ मध्ये जाहीर करून टाकलं की यापुढे थँक्सगिव्हिंगला दुकान कायमचं बंद. शून्याशी ताडून कुणालाच फोन येणार नव्हता.

त्याच २०२० मध्ये, त्याच महामारीमुळे, ऑक्टोबरचे सेल लागले होते. ते अजून आहेत.